बघू नावाचा डबा

४ फेब्रुवारी

भाऊजी,

फोन केला की तुम्ही उचलत नाही, मेसेज केला की नुसता अंगठा पाठवता. तुमचे बंधू म्हणाले, "त्याला हल्ली पत्रंच आवडतात म्हणे, लिही बाई पत्र." तर हे घ्या पत्र. इतक्या वर्षांनी हातात पेन धरलंय, अक्षराला हसू नका.

बातमी अशी, की मला काम मिळतंय. कंत्राटी. तुमच्या आणि आमच्या गावाच्या मधोमध ते पेन्शनचं मोठं ऑफिस आहे ना, तिथे. त्यांचा निम्मा कारभार अजून आपल्या कोबोलवर, त्या जुन्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतो आणि कोबोल येणारं माणूस आता या परक्या मुलखात दिवा घेऊन शोधावं लागतं. मार्चअखेर जुनी यंत्रणा बंद करून सगळं नव्या यंत्रणेत न्यायचंय. तोवर जुनं घर सांभाळायला कुणीतरी म्हातारी हवी, ती मी.

मुलाखतीत विचारलं, "मधली नऊ वर्षं काय करत होतात?" मी म्हटलं, "सासूबाईंचं बघत होते." त्यांनी ते लिहून घेतलं, कोणत्या रकान्यात ते देव जाणे. तुम्हाला आठवतं का, आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा 'आता आईंचं कोण बघणार' असा विषय निघाला होता. तुम्ही म्हणालात, "बघू." आपल्या घरात 'बघू' म्हणजे काय ते पोरासोरांनाही ठाऊक. सायकल हवी? बघू. सहलीला जाऊ? बघू. मी काय समजायचं ते समजले आणि राजीनामा दिला. रागाने लिहीत नाहीये हो, गंमत म्हणून आठवलं.

तर मुद्दा असा. तुमच्या बंधूंची कंपनी बंद पडल्यापासून ते घरी आहेत. हे काम टिकलं तर आमचं घर टिकेल, नाहीतर लेकीकडे मागच्या खोलीत जाऊन राहायचं. जावई फार चांगला आहे. म्हणूनच जायचं नाही. मार्चअखेरपर्यंत चाचणी, पसंत पडले तर पुढे वर्षभर ठेवतील.

मला या धंद्यात तुम्हीच आणलंत. नवी नवरी होते तेव्हा जेवणाच्या टेबलाशी बसवून पहिला प्रोग्राम तुम्हीच लिहून घेतलात. म्हणून तुम्हालाच विचारते. खरं सांगा, जमेल का मला?

तुमची
वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे, विचार चांगला नाही.

तुम्हाला कोबोल जमेल, त्याची काळजी नाही. ते सायकलीसारखं असतं. पण आता काम प्रोग्रामचं राहिलेलं नाही, बोलण्याचं झालंय. रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि एकेक जण तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतो. वर एसीची घरघर. मधेच कुणीतरी तुमच्याकडे वळून प्रश्न विचारतं आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत राहतात. या वयात कशाला तो मनस्ताप? लेकीकडे राहण्यात कमीपणा नाही.

तरीही जायचंच ठरलं, तर खांबामागची खुर्ची घेऊ नका.

माझं बँकेतलं काम जोरात चालू आहे, त्यामुळे फोन घेता येत नाही. पत्र बरं. माणूस काय म्हणाला ते दोनदा वाचता येतं.

दादाला नमस्कार.

धाकटा दीर


२२ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. सगळं जग 'नको' म्हणालं असतं तरी चाललं असतं, तुम्ही म्हणायला नको होतं. मग मला राग आला आणि त्या रागातच मी सही करून आले. म्हणजे नोकरी तुमच्यामुळेच लागली म्हणायची.

तुमची जीभ काळी आहे हो. त्यांनी मला नेमकी खांबामागची खुर्ची दिली! समोर खांब, मागे प्रिंटर. आमच्या टीमची प्रमुख माझ्या लेकीच्या वयाची आहे. मी मनात तिला कप्तान म्हणते. हुशार आहे, तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. बाकीची पोरं हाताने कोड लिहीतच नाहीत. मशीनला सांगतात, ते लिहून देतं. मी एकेक ओळ टाइप करायला लागले की मागे येऊन उभी राहतात, जशी काही मी जात्यावर दळतेय. सकाळच्या त्या उभ्या मीटिंगच्या आधी मी माझं वाक्य तीनदा घोकते. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी फक्त स्वतःचं नाव सांगितलं. कप्तान म्हणाली, "ते माहीत आहे."

पण एक गंमत ऐका. परवा जुन्या प्रोग्राममध्ये एक डबा सापडला. डबा म्हणजे कागद साठवायची जागा. ज्या निवृत्त माणसाचं आमच्याकडचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही, त्याचं प्रकरण मशीन बाजूला काढून त्यात टाकतं. आणि त्या डब्याचं नाव काय असावं? बी, ए, जी, एच, यू. बघू! मला फस्सकन हसू आलं. कप्तानने विचारलं काय झालं, मी म्हटलं ठसका लागला. इथे मराठी कुणालाच येत नाही, तर त्यांनी आपला एक लांबलचक अर्थ लावलाय: 'बॅच अकाउंट जनरल होल्डिंग युनिट'. नव्या यंत्रणेच्या पुस्तिकेत चक्क छापलाय!

माझ्याआधी इथे एक कंत्राटी माणूस होता, त्याने तो डबा केला. कंत्राटी माणसांना इथे नाव नसतं, नंबर असतो. पोरं त्याला 'मिस्टर येस' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी मान हलवून "येस" म्हणायचा. एकदा विचारलं, "चहा की कॉफी?" हा म्हणाला, "येस." पोरं अजून त्यावर हसतात, मीही हसले. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी मराठी बाप्या इथे बसून गेला बघा. तुमच्या ओळखीचा आहे का?

वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

असेल कुणीतरी. कोबोल लिहिणारे मराठी पुष्कळ झाले. हसतील त्याचे दात दिसतील.

त्या डब्यात हात घालू नका. जे घर महिन्याभरात पाडायचंय त्याचं छप्पर शाकारत बसू नये. सांगितलेलं काम करा, सहीचा कागद घ्या, सुटा. आणि खांबावरच्या घड्याळावर विसंबू नका, ते मागे पडतं. मीटिंगला उशीर झाला की सगळ्यांच्या नजरा आपल्यावर.

डब्यात फार साठलंय का? पाहिलं असेल तर कळवा. सहज विचारतोय.

धाकटा दीर


१२ मार्च

भाऊजी,

हात घालू नका म्हणालात, म्हणूनच घातला. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

डबा गच्च भरलाय. सप्टेंबरपासून आत गेलेलं एकही प्रकरण बाहेर आलेलं नाही. यादीत सगळ्यांपुढे 'प्रक्रियेत' असं लागतं, म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. मी एकेक उघडून वाचत बसले. बहुतेक बायका आहेत. पेन्शनच्या कागदावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. नवरा गेल्यावर त्याची पेन्शन बायकोच्या नावावर करताना घोळ. एवढंच. एवढ्यासाठी पेन्शन अडकून पडली आहे.

सोमवारी खाली दारापाशी एक बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागद. पहारेकऱ्याला सांगत होत्या, "मी तीच आहे हो. दोन्ही नावं माझीच आहेत." तो बिचारा काय करणार? मी वर येऊन शोधलं. आहेत. 'बघू'मध्ये आहेत.

आता माझी झोप उडालीय ती यापुढची गोष्ट. मार्चअखेर नव्या यंत्रणेत जाताना या डब्यातलं काहीही न्यायचं नाही, असं ठरलंय. जुनी निकालात निघालेली प्रकरणं समजून सगळा डबा पुसणार. मी बोलले, तर पहिला प्रश्न येईल, हा उद्योग कुणाचा? आणि दुसरा, तुम्ही महिनाभर काय करत होतात? वरचे साहेब आधीच कप्तानवर डोळे वटारून आहेत, तारीख चुकली तर तिचंही काही खरं नाही. माझी चाचणी तर तिथेच संपेल. नाही बोलले, तर शेवटच्या कागदावर 'सर्व तपासले' म्हणून सही माझी. इकडे आड तिकडे विहीर.

आणि आता जे लिहिते ते दोनदा वाचा, तुम्हीच म्हणता तसं.

खांबावरचं घड्याळ मागे पडतं. खरंच पडतं. पण मी तुम्हाला त्या घड्याळाबद्दल कधीच लिहिलं नव्हतं. खांबाबद्दलही तुम्हीच आधी लिहिलंत.

काल मी तुमच्या घरी फोन केला. जाऊबाई बाहेर होत्या म्हणून बहुधा तुम्ही उचललात. मी विचारलं, "भाऊजी, तुम्हाला ऐकू येत नाही का?" तुम्ही म्हणालात, "हो हो, छान चाललंय."

भाऊजी, मी त्या चहा-कॉफीवर हसले होते हो.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचनालयात बसून वाचलं. मी सप्टेंबरपासून रोज इथेच बसतो. सकाळी डबा घेऊन निघतो, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन घरी जातो. बँकबिंक काही नाही. घरात कुणाला माहीत नाही.

कान तीन-चार वर्षांपासून जात होते. हिला वाटतं मी ऐकत नाही. नवरा बायकोचं ऐकत नाही, हे काय आजाराचं लक्षण आहे? त्यामुळे बरेच दिवस निभावलं. समोरासमोर एक माणूस असला की ओठांवरून कळतं. त्या हॉलमध्ये काही कळत नाही. पुन्हा पुन्हा 'काय म्हणालात' विचारलं की समोरचा आधी मोठ्याने बोलतो, मग हळू बोलतो, मग लहान मुलाशी बोलावं तसं बोलतो. त्यापेक्षा 'येस' सोपं पडतं.

तो डबा तात्पुरता होता. नावं जुळत नाहीत ती बाजूला काढायची आणि माणसाने एकेक डोळ्यांनी बघून सोडायची. मशीनला कळत नाही की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, माणसाला कळतं. मी स्वतः सोमवारपासून बघणार होतो, म्हणून गमतीने 'बघू' नाव दिलं. शुक्रवारी सकाळी त्या गोलात मला तेव्हाच्या प्रमुखाने काहीतरी विचारलं. मी म्हणालो, येस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुपारी एक मुलगा माझं ओळखपत्र मागायला आला. मग कळलं, प्रश्न असा होता: "तुमचं काम पूर्ण झालं ना? आजपासून तुम्हाला मोकळं करायचं ना?"

परत जाऊन सांगता आलं असतं की मला ऐकू आलं नाही. पाय उचलला नाही. मला वाटलं, कुणीतरी डबा उघडून बघेलच.

वहिनी, प्रकरणं कशी तपासायची ते मागच्या कागदावर सगळं लिहिलंय. त्या बाईचं काम आधी करा. पण माझं नाव सांगू नका. हात जोडतो. डब्याचं नाव बदलून टाका, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. या धंद्यात एकदा 'ठार बहिरा' म्हणून कळलं की संपलं. तुमच्या घराचं पाहा, माझ्यापायी ते घालवू नका.

दीर


२६ मार्च

भाऊजी,

मी नाव सांगितलं. आता काय रागवायचं ते रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

चार दिवस मी तुमचं ऐकून गप्प राहिले. तुमच्या कागदाप्रमाणे प्रकरणं सोडवत होते. पण गच्च भरलेला डबा, एकटीने कुठवर उपसणार? आणि नाव बदलायला म्हणून त्या ओळीवर गेले तर हात चालेना. तेवढा एकच शब्द त्या अख्ख्या ऑफिसात खरं बोलत होता.

मंगळवारी कप्तानला बाजूच्या खोलीत नेलं. म्हटलं, "तुमच्या पुस्तिकेत छापलाय तो अर्थ चुकीचा आहे. हा माझ्या भाषेतला शब्द आहे."

"मग अर्थ काय?"

"बघू. म्हणजे, आम्ही बघणार आहोत."

तिने वहीतून मान वर केली. "कोण बघणार आहे?"

काय सांगू भाऊजी. इतक्या वर्षांत आपल्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

मग सगळं सांगितलं. डब्यात जिवंत माणसं आहेत. ज्याने डबा केला त्याचं काम अर्धं राहिलं, कारण त्याला प्रश्न ऐकूच आला नव्हता. तो माणूस माझा दीर आहे आणि मला हे कळून आठवडा झालाय. नाव न घेता सांगून पाहिलं असतं, पण मग ती म्हणाली असती, तो 'मिस्टर येस' मूर्खच होता. तुम्हाला मूर्ख म्हणायचा हक्क फक्त माझा आहे, दुसऱ्या कुणाचा खपवून घेणार नाही.

मग तिने त्या बाईचं प्रकरण उघडायला लावलं आणि स्वतः वाचलं. दोन्ही नावं, दोन्ही सह्या. म्हणाली, "ही एकच बाई आहे." मी म्हटलं, "हो, तेच तर."

साहेबांकडे ती एकटी गेली. काचेतून दिसत होतं, साहेबांचे हात वर-खाली होत होते. मला काही ऐकू येत नव्हतं आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, तुमचा दिवस तिथे कसा जात असेल ते.

डबा पुसायचं दोन आठवडे पुढे ढकललंय. त्याहून एक दिवस जास्त नाही. तेवढ्यात सगळी प्रकरणं माणसाने बघून सोडायची, नाहीतर जातील. कप्तानने विचारलंय, तुम्ही याल का? उभी मीटिंग नाही. जे विचारायचं ते लिहून विचारतील. पोरांनाही सांगितलं, तर एकाने तुमच्यासाठी कोरी वही आणून ठेवली. वाईट नाहीत हो ती. फक्त त्यांचे कान चांगले आहेत.

मी माझ्या वर्षभराच्या कामाचंही विचारलं. कप्तानने जरा विचार केला आणि मोडक्या उच्चारात म्हणाली, "बघू." शिकवलेला शब्द पहिला माझ्यावरच उलटला! नात्याची गोष्ट लपवली म्हणून साहेब नाराज आहेत. घराचं काय होईल ते माहीत नाही. तुमचे बंधू रोज एक रिकामं खोकं आणून माळ्याखाली ठेवतात आणि म्हणतात, "सहज आणलं." पण त्या बाईंची पेन्शन सुटली.

उलट टपाली उत्तर द्या. हो किंवा नाही. बघू चालणार नाही.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

रागावलो. दोन दिवस. मग हिला सगळं सांगितलं. वाटलं रडेल. तिने आधी विचारलं, "इतके दिवस डबा कुठे बसून खात होतात?" मग रडली. मग मला हाताला धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. यंत्र मिळायला वेळ लागेल, आणि मिळालं तरी हॉलमधलं सगळं ऐकू येईल असं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दाखवलं. म्हणजे बोलले असतील, पण मी लिहून मागितलं. पहिल्यांदाच मागितलं. काही आभाळ कोसळलं नाही.

सोमवारी सकाळी येतो. खांबामागे दुसरी खुर्ची मावेल. बोलताना माझ्याकडे तोंड करा आणि मी 'येस' म्हणालो तर पुन्हा विचारा.

दोन आठवड्यांत होईल का, सांगता येत नाही. तुमचं काम टिकेल का, तेही नाही. दादाला म्हणावं, खोकी आणू नकोस अजून.

एक राहिलं. आईंचं कोण बघणार, असं तुम्ही विचारलं होतंत, तेव्हा माझे कान चांगले होते. मला नीट ऐकू आलं होतं. मी बघू म्हणालो आणि नऊ वर्षं बघितलंत तुम्ही.

सोमवारी डबा उघडून ठेवा. आपण दोघं बघू.

धाकटा दीर